फक्त फाट्यापर्यंत

"मागच्या सीटवर बस आणि ती टकटक कुठून येते तेवढं ऐक," देवदत्त म्हणाला.

बायकोला आपल्या गाडीतून पहिल्यांदा नेताना याहून बरं काहीतरी बोलता आलं असतं. पण दोन वर्षं ज्याचं निम्मं शरीर बॉनेटखाली गेलं, त्याला ते सुचणार कुठून? अनुया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला ओलं खोबरं, अंगात घरचा गाऊन, त्यावर ओढणी. शनिवार होता. दुपारी ठाण्याचे पाहुणे येणार होते. नागावात ज्याच्या वाडीत दोन खोल्या जास्त आहेत त्याच्याकडे शनिवारी पाहुणे येतात, तसे यांच्याकडेही यायचे.

"आत्ता? माझं वाटण व्हायचंय."

"फक्त फाट्यापर्यंत. गोदू आहे ना वाटणाला."

स्वयंपाकात मदतीला येणाऱ्या गोदूने आतून आवाज दिला, "जावा वैनी! न्हायतर दादा मलाच बसवतील त्या डब्यात!"

हा डबा म्हणजे जुनी, लाल, छोटीशी हॅचबॅक. देवदत्तने ती अलिबागच्या एका वकिलांच्या परसातून उचलून आणली तेव्हा तिच्यावर भोपळ्याचा वेल चढलेला होता आणि आतल्या सीटवर मांजर व्यायलेलं होतं. जिल्हा परिषदेतली नोकरी सांभाळून त्याने सुट्टीचा प्रत्येक दिवस तिच्यावर घालवला. पत्रा ठोकला, गंज घासला, इंजिन उतरवलं, चढवलं, पुन्हा उतरवलं. आता गाडी चालू होत होती, पुढे जात होती, थांबतही होती. रिव्हर्स गिअर मात्र पडत नव्हता. त्याला लागणारा बुश नावाचा बारीकसा भाग कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातही मिळेना.

पण त्याने तोड काढली होती. वाडीला दोन फाटकं होती. एका फाटकातून निघायचं, समुद्राच्या रस्त्याने फाट्यापर्यंत जायचं आणि दुसऱ्या फाटकातून आत यायचं. मागे घ्यायची वेळच येणार नव्हती. गाडी ढकलण्याचा मार्ग होता, पण तो त्याला मान्य नव्हता. सगळा गाव आधीच तिला ढकलगाडी म्हणत होता.

गाडी निघाली. ओटीवरून देवदत्तच्या वडिलांनी, तात्यांनी, लढाईवर निघालेल्याला करावा तसा हात केला.

"ऐकू येतेय का टकटक?"

"येतेय. डाव्या बाजूने."

"डाव्या पुढच्या की डाव्या मागच्या?"

"अहो, समोर बघा!"

समोर पर्यटकांची भलीमोठी बस समुद्राच्या रस्त्यावर आडवी अडकली होती. तिच्या एका बाजूला घोडागाडी आणि दुसऱ्या बाजूला केळ्यांचे घड लादलेला ट्रॅक्टर. शिट्टी वाजवणारा एक स्वयंसेवक सगळ्यांना उजवीकडे हाकलत होता. पुढचा रिक्षावाला मागे सरकला, वळला आणि गेला. देवदत्त मागे सरकू शकत नव्हता. तो उजवीकडे वळला आणि मोठ्या रस्त्याला लागला.

"हरकत नाही," तो म्हणाला, "चौलला वळवतो."

चौलला पाण्याच्या पाइपासाठी रस्ता अर्धा खणून ठेवला होता. उरलेल्या अर्ध्यात वळायचं तर एकदा तरी मागे यायला हवं. मागून एसटीने भोंगा दिला. गाडी पुढे गेली.

रेवदंड्याला जागा होती. स्टँडसमोर चांगला रुंद रस्ता. पण चहाच्या टपरीवर सदा उभा होता. सदाचं स्वतःचं गॅरेज होतं आणि भोपळ्याचा वेल काढला त्या दिवशीच त्याने "देवदत्तशेठ, वेल ठेवा, गाडी काढा" असा सल्ला दिला होता. वळताना गाडी अर्ध्यात अडकली असती तर सदा आनंदाने ढकलायला आला असता. त्या विचारानेच देवदत्तने ॲक्सिलरेटर दाबला, हॉर्न वाजवला आणि सदाला हात करत ऐटीत पुढे निघाला. सदाच्या हातातला चहा सांडलेला त्याने आरशात पाहिला. गेल्या कित्येक महिन्यांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

"आता?" अनुयाने मागून विचारलं.

"आता पूल आला."

"पुलापलीकडे जागा असेल की," ती म्हणाली. "जरा थांबवा. पुढे येऊन बसते. इथे टकटकच ऐकू येते नुसती."

ती पुढे येऊन बसली. काच खाली केली. खाडीवरचा वारा आत घुसला, ओढणी उडून देवदत्तच्या तोंडावर आली. त्याने ती बाजूला केली तेव्हा अनुया हसत होती. का हसतेय हे विचारावं असं त्याच्या मनात आलं, पण त्याच वेळी तापमानाचा काटा हलल्यासारखा वाटला, म्हणून राहिलं.

कोर्लईला रस्ता चिंचोळा निघाला. "काशीदला मोठं पार्किंग आहे," अनुया म्हणाली. काशीदला पार्किंग होतंच, पण ते गच्च भरलं होतं आणि पावतीवाला सांगत होता, "साहेब, नाक आत घाला, निघताना रिव्हर्स काढा." देवदत्तने नाक आत घातलं नाही. थोडं पुढे जाऊन, सुरूच्या सावलीत रस्त्याकडेला त्याने गाडी उभी केली. इंजिन चालूच ठेवलं. बंद केलं तर पुन्हा चालू होईल याची त्याला खात्री नव्हती. तेवढ्यात फोन वाजला. तात्या होते. तात्यांना कमी ऐकू येई, त्यामुळे ते इतरांसाठीही मोठ्याने बोलत.

"अरे, कुठे आहात? पाहुणे लवकर आलेत!"

"तात्या, आम्ही काशीदला आहोत!"

"काय? काशीला?"

"काशीद! काशीऽद!"

"मला न सांगता?" तात्यांचा आवाज एकदम हळवा झाला. "बरं. या सावकाश. माझा नमस्कार सांग विश्वेश्वराला."

मग फोन गोदूने ओढला असावा. "आवं दादा, काशीला गेलाव व्हय? आन् ह्यांच्या जेवनाचं काय?"

"गोदू, काशीला नाही गं..." देवदत्त म्हणेपर्यंत रेंज गेली.

"आता परत फिरायलाच हवं," तो घाबरून म्हणाला. "पाहुणे आलेत. तुझं वाटण..."

अनुया समुद्राकडे पाहत होती. "आगरदांड्याला जेट्टीपाशी मैदान आहे ना मोठं? तिथे आरामात वळेल. इथे घाईत कुठे आपटलात तर तुमचा रंग जाईल."

रंगाचं नाव काढल्यावर देवदत्तने मुकाट पहिला गिअर टाकला. गाडी नांदगाव, मुरूड करत निघाली. आता तो टकटक विसरला होता. खरं तर गाडी छान चालत होती. एका चढावर त्याने तिसरा टाकला आणि ती कुरकुरही न करता वर गेली. "बघितलंस?" तो म्हणाला. "बघितलं," अनुया म्हणाली. ती मात्र खाली दिसणाऱ्या पाण्याकडे बघत होती.

मैदान होतं, पण ते जेट्टीच्या रस्त्याला लागायच्या आधी होतं, आणि हे कळलं तेव्हा ते मागे गेलं होतं. रस्त्याला दोन्हीकडे कठडा. पुढे गाड्यांची रांग. मागे बर्फाचा टेम्पो येऊन चिकटला. तिकिटवाल्याने काचेवर टिचकी मारली. देवदत्तने कठड्याकडे पाहिलं, टेम्पोकडे पाहिलं आणि पाकीट काढलं.

गाड्या खाडीपलीकडे दिघीला नेणारी ही बोट छोटी होती आणि एकाच तोंडाची. गाड्या उलट्या चढवायच्या, म्हणजे दिघीला सरळ उतरता येतं. खलाशी ओरडत होता, "रिव्हर्स घ्या काका, रिव्हर्स!"

"रिव्हर्स नाहीये," देवदत्त म्हणाला.

"काय नाहीये?"

"रिव्हर्स."

इतकं साधं कारण खलाशाने आजवर ऐकलं नसावं. त्याने वर बोट चालवणाऱ्या तांडेलाकडे पाहिलं. तांडेलाने घड्याळाकडे पाहिलं. "घाल सरळ, सगळ्यात शेवटी. पलीकडे बघू." लाल गाडी सगळ्यात शेवटी, तोंड आत करून बोटीवर चढली आणि फळी वर झाली.

खाडीच्या मध्यावर पुन्हा फोन लागला. गोदू म्हणाली, "वैनी, काय काळजी करू नका. आमटी-भात, सुक्या सोड्याचं कालवन आन् सोलकढी केली. पानी लागलं तर तात्या देत हायेत."

"तात्या वाढतायत?" ज्या तात्यांना पाहुणे डोळ्यांसमोरही नको असायचे, त्यांच्याबद्दल हे ऐकून अनुया गाडीतून खालीच उतरली.

"व्हय. त्यांनी पाव्हन्यांना सांगितलं, मुलगा-सून अचानक काशीला गेली. मंग ती मानसं लई शांत झाली. आपली ताटं आपनच घासली. आता तात्या त्यांना वाडीत शहाळी पाडून दाखवतायत. त्यातल्या एका बाईनं तात्यांच्या पाया पडून घेतलं."

अनुयाने फोन बंद केला आणि कठड्याला टेकून उभी राहिली. वारा चांगलाच होता.

"काय झालं?" देवदत्तने विचारलं.

"काही नाही. मी नसले तरी होतं की सगळं." तिच्या आवाजात सुटकाही होती आणि थोडं लागलेलंही. देवदत्तने खिसा चाचपला. खिशात स्वच्छ रुमाल होता. तो गाडीच्या काचेसाठी आणला होता. त्याने तो तिला दिला. तिने नाक पुसलं.

दिघी आली. फळी खाली पडली. आता बोटीतून सगळ्यात आधी निघायचं होतं ते देवदत्तने, आणि तेसुद्धा मागे मागे. त्याच्यामागे तोंड बाहेर करून टेम्पो, दोन मोठ्या गाड्या आणि बऱ्याच मोटारसायकली. ओहोटी असल्याने जेट्टीचा उतार उघडा पडून शेवाळलेला होता. चार खलाशांनी बॉनेटला हात लावले. गाडी वीतभर वर सरकली आणि हातभर खाली आली. चौघांपैकी एकजण घसरून बसला. टेम्पोने भोंगा वाजवला, मग सगळ्यांनीच वाजवला. "अहो, त्या डब्याला हलवा!" कोणीतरी ओरडलं. देवदत्त गिअरची दांडी धरून घामाघूम झाला होता. दांडी नुसती करकरत होती.

"सरका जरा," अनुया म्हणाली.

"काय?"

"उतरा. मी बघते."

अनुयाकडे लायसन्स होतं हे देवदत्त विसरला नव्हता. ते वापरायचंही असतं हे त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. तो उतरला. अनुया बसली, तिने सीट पुढे ओढली, ओढणी खांद्यावरून घेऊन कमरेशी गाठ मारली. दांडी आधी चौथ्यात टाकली. मग मनगट किंचित उचलून ती आपल्याकडे घेतली आणि मागे ओढली. खट् आवाज झाला. तिने मान मागे वळवली, आणि लाल गाडी शेवाळावरून, कुठेही न घसरता, ताठ मानेने उतार चढून वर गेली. मोटारसायकलवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

देवदत्त चालत वर पोचला. धापा टाकत त्याने विचारलं, "तुला कसं माहीत?"

"तुम्ही कुर्ल्याला गेला होतात ना, तेव्हा शहाळ्यांचा टेम्पो आला. वाटेत गाडी. तात्या म्हणाले ढकलू. म्हटलं, आधी बघू तरी."

"म्हणजे महिना झाला! मग सकाळीच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर फाट्यावरून परत आलो असतो."

खाली बोट रिकामी होत होती.

"नुसतं फिरायला जाऊ म्हणाली असतीस," तो पुटपुटला.

"म्हटलं होतं. एकदा तुम्ही म्हणालात, रंग सुकू दे. एकदा म्हणालात, ब्रेक लायनर येऊ देत."

दोन्ही वेळा तो काय करत होता हे देवदत्तला आठवलं. गाडीखाली होता. ती काय नेसली होती ते काही आठवेना, कारण तिथून फक्त पाय दिसत. त्याने गाडीच्या टपावर हात ठेवला, मग उचलून तो अनुयाच्या हातावर ठेवला. हाताला अजून खोबऱ्याचा वास होता.

तेवढ्यात खालून खलाशाची हाक आली. "ओ ताई! जरा येता का?" परतीच्या बोटीची रांग सुरू झाली होती आणि सगळ्यात पुढे एक नवीकोरी, घराएवढी गाडी उतारावर तिरकी होऊन अडकली होती. तिचा तरुण मालक स्टिअरिंग घट्ट धरून बसला होता आणि उतार चढू-उतरू काहीच देत नव्हता. "ह्यांची पण घ्या ना रिव्हर्स," खलाशी म्हणाला.

"अहो, मला असली मोठी..." अनुयाने देवदत्तकडे पाहिलं.

"जा की," तो म्हणाला. "चपला दे इकडे, शेवाळ आहे."

ती अनवाणी उतरून गेली. देवदत्त तिच्या चपला हातात धरून लाल गाडीला टेकून उभा राहिला. तरुण उतरला, अनुया चढून बसली. त्या गाडीत ती एवढीशी दिसत होती.

बुलेटवरून आलेले एक गृहस्थ देवदत्तजवळ थांबले. त्यांनी लाल गाडीला एक फेरी मारली, वाकून चाकांकडे पाहिलं, दारावरून बोट फिरवलं. "क्या बात है! घरी केलीत? सगळी? स्वतःच्या हाताने? असं काम हल्ली बघायला मिळत नाही हो. कितीचं मॉडेल?"

दोन वर्षांत कोणी एकानेही देवदत्तला हे विचारलं नव्हतं. खाली ती मोठी गाडी सावकाश सरळ झाली आणि मागे मागे फळीवर चढू लागली. खिडकीतून अनुयाचं अर्धं डोकं आणि वळवलेली मान दिसत होती.

"थांबा हो जरा," देवदत्त त्यांच्याकडे न बघताच म्हणाला, "ती बघा, कशी घेतेय!"