हेल्मेटात पडलेला संकल्प

"एक दिवस राग आवरायचा ना? बसल्या जागी आवरते," विलाय म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिने वाटेत आडव्या आलेल्या मांजराला चप्पल फेकून मारली.

चंथीमावशीने चपलेकडे पाहिलं, पळणाऱ्या मांजराकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला. मावशीचे गुडघे गेले होते. तिची शेवयांच्या सुपाची गाडी आता दुसऱ्या कुणीतरी चालवायला हवी होती, आणि शाळा सोडून गल्लीत भांडत फिरणाऱ्या विलायचा त्या गाडीवर जीव होता. सूप ती मावशीपेक्षा फक्कड करायची. पण परवाच एक गिऱ्हाईक म्हणालं, "जरा अळणी झालंय," तर ही म्हणाली, "मग रडा त्यात."

"उद्या पहाटे माझ्या जागी चटईवर तू बस," मावशी म्हणाली. "मोठे भंतेजी सांगतात तसं, भिक्षेला आलेल्या भंतेजींना भात देताना दिवसाचा एक संकल्प करायचा. आज कुणावर रागावणार नाही, बास. संध्याकाळपर्यंत पाळलास तर गाडी तुझी. नाहीतर विकून टाकते."

"विकतेस कशाला? घासून ठेव."

पहाटे विहाराचा ढोल वाजला. विलाय मावशीचा शेला खांद्यावर टाकून, वाफाळत्या चिकट भाताची टोपली घेऊन चटईवर गुडघे टेकून बसली. शेजारी खामसुकआजी. गल्लीच्या टोकाकडून भंतेजींची रांग अनवाणी, मुकाट्याने येत होती. भाताचा गोळा कपाळाला लावायचा, मनात संकल्प म्हणायचा, गोळा भिक्षापात्रात ठेवायचा. खामसुकआजीचा संकल्प एका शिंकेत उरकायचा.

विलायला मात्र पक्कं काम करायचं होतं. तिने डोळे मिटले.

'आज मी कुणावरही रागावणार नाही. बुनथानकाका सोडून. छे, सूट नको. त्याच्यावरही नाही. पण त्याने आधी सुरुवात केली तर?'

बुनथान म्हणजे गाडीशेजारचा पंक्चरवाला. सुपाच्या गाडीपुढे टायर मांडून ठेवायचा आणि 'रस्ता काय तुझ्या बापाचा?' असं वर विचारायचा. दोघांचं सकाळचं भांडण चुकलं तर गल्लीला चहा प्यायल्यासारखं वाटायचं नाही.

'त्याने टायर पुढे सरकवला तर? एक टायर माफ. दोन असले तर... बरं, दोनही माफ. पण ट्रकचा टायर माफ नाही!'

पुढचे भंतेजी तिच्यासमोर येऊन थांबले. म्हणून मागचे थांबले. अगदी मागचा चिमुकला सामणेर, शिकाऊ भिक्खू, जांभई देता देता पुढच्याच्या पाठीवर आदळला.

"पोरी, आटप," खामसुकआजी कुजबुजली. "त्यांना दुपारच्या आत जेवावं लागतं."

विलाय अजून ट्रकच्या टायरवरच अडली होती. भंतेजी गालात हसले आणि पुढे निघाले. त्यांच्यामागून सगळी रांग निघून गेली.

तेवढ्यात मोटारसायकलवरून बुनथान आला. पुढे जाणारी रांग दिसताच खाली उतरला, चपला काढल्या, डोक्यावरचं हेल्मेट काढून पोटाशी उलटं धरलं आणि मान खाली घालून बाजूला उभा राहिला. ती बाजू नेमकी विलायच्या चटईसमोरची.

'ट्रकचाही माफ,' विलाय मनाशी म्हणाली, आणि डोळे मिटूनच, अगदी भक्तिभावाने, हात पुढे केला.

थप्प. एक गोळा. थप्प. दुसरा गोळा. वर एक केळं.

"हे काय आहे?" बुनथानने हेल्मेटात वाकून विचारलं.

विलायने डोळे उघडले. "माझा संकल्प आहे तो! दे इकडे!"

"थांब," खामसुकआजी म्हणाली. "कपाळाला लावून दिलेला भात परत घेत नसतात. ज्याच्या पात्रात पडला त्याचा. काय होता गं संकल्प?"

"कुणावर रागावणार नाही."

"झालं तर. बुनथान, आजचा दिवस तू रागवायचं नाहीस."

"मी?" बुनथानचा चेहरा जप्तीची नोटीस हातात पडल्यासारखा झाला.

"आणि मग माझ्याकडे काय उरलं?" विलाय किंचाळली. "टोपली? तुला कुणी पंच नेमलंय, म्हातारे?"

मावशीच्या घराची खिडकी उघडली. मावशीने पाहिलं. खिडकी पुन्हा बंद झाली. सूर्य अजून उगवायचा होता आणि विलायचा दिवस संपला होता.

बुनथानने भात आणि केळं चिमण्यांसाठी झाडाखाली ठेवलं, हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि ट्यूब आणायला बाजारात गेला. आता, आमच्याकडे पोरं पतंग चिकटवतात ते याच भाताने. हेल्मेटाच्या अस्तराला किती शितं उरलीत हे त्याने पाहिलंच नाही. उन्हातून परत येईपर्यंत हेल्मेट आणि बुनथान एकजीव झाले होते.

मग काय, गल्ली जमली. विलायने हेल्मेट धरलं, मावशीने विलायला धरलं. "कोमट पाणी ओता," "नको, तेल घाला," "माणूस सोलून काढा," असे सल्ले आले. विलायने त्याच्या खांद्याला पाय टेकून जोर लावला, तर आतून नुसतं घुमल्यासारखं "ऊं, ऊं" आलं.

"काय शांत माणूस आहे," लोक म्हणाले. "अंगावर पोरगी चढलीय, तरी एक वावगा शब्द नाही."

दुपार टळल्यावर हेल्मेट बूच उडाल्यासारखं निघालं. निम्मे केस आतच राहिले. बुनथानने डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "असू दे."

खामसुकआजीने तर हात जोडले.

संध्याकाळी मावशीने चूल पेटवली आणि सुपाचा डाव विलायच्या हातात दिला. विलायला खरंच वाटेना.

"गाडी तुझीच," मावशी म्हणाली. "तुझ्यासारखं सूप करणार कोण? पण महिनाभर बुनथान इथं बाकावर बसेल. गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं ते त्याच्याकडून शिक."

"याच्याकडून?"

"याच्याचकडून."

बुनथान गंभीरपणे बाकावर बसला. मावशी आत जाताच विलाय त्याच्या कानाशी वाकली. "काका, खरं सांग. जमलं कसं तुला?"

"काय जमलं?" बुनथान हळूच म्हणाला. "सकाळपासून तुझ्या सात पिढ्या काढत होतो मी. आतून बाहेर ऐकूच जात नव्हतं."

विलायचा राग पायाच्या अंगठ्यापासून वर चढत आला. इतक्यात मावशी कोथिंबीर घेऊन बाहेर आली आणि पहिलं गिऱ्हाईक बाकावर टेकलं. विलायने हातातल्या डावाकडे पाहिलं. मग गिऱ्हाइकाला गोड हसून म्हणाली, "बसा दादा, आणते हं गरमागरम." आणि उकळत्या पातेल्यावर तोंड वाकवून, वाफेच्या आवाजाआड, तिने पहाटेपासूनचं सगळं साचलेलं बुनथानला ऐकवलं.

बुनथानने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मान डोलावली.

"शिकलीस की," तो म्हणाला.