हिरामणदादांची खेच

हिरामणदादांच्या कारखान्यात मागांखाली झाडू मारायला मनाई होती. भिवंडीत लूम चालवणारा माणूस कापसाच्या तुसाला वैरी मानतो. ते नाकात जातं, धाग्यात अडकतं, एका ठिणगीनं पेटतं. दादा मात्र उकिडवे बसून मागाखाली टॉर्च मारत आणि मला बोलावत.

"बघ भाऊ. आधी कापूस सगलीकडं सारखाच पसरलेला. मग या कोपऱ्यात जरासा जास्ती झाला. आता बाकीचा पन तिकडंच चाललाय. आकाशगंगा अशाच झाल्या."

त्यांचा मुकादम सलीमभाई बिचारा समजावून थकला होता. "सेठ, वो पंखे की हवा है."

"इथं हवा, तिथं खेच. गोला झाला ना?"

दादांची पाठ वळली की सलीमभाई गुपचूप झाडून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी दादा हळहळत.

मी त्यांच्या माडीवरचा भाडेकरू, मानकोलीच्या एका गोदामात कारकून. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात दादा मुंबईला गेले होते. गार हवेत डुलकी काढावी म्हणून तारांगणाचं तिकीट काढलं आणि टक्क जागे राहून बाहेर आले. त्या दिवसापासून प्रत्येक गोष्टीचं कारण एकच, गुरुत्वाकर्षण; दादांच्या भाषेत खेच. हळदीत माणसं मटणाच्या टोपाभोवती जमली, खेच हाय ती. मानकोलीच्या नाक्यावर ट्रक तुंबले, खेच हाय ती. वहिनी म्हणत, "मंग कामाकडं का न्हाय खेचत तुमाला?" यावर दादा टॉर्च उचलून मागांकडे निघत.

एकाच विषयावर दादा गप्प होत. धाकटा भाऊ गोरख. शेत गोदामाला द्यायचं की नाही यावरून दोघांत वाजलं. दादांनी आपला हिस्सा दिला. गोरखनं आपला दिला नाही, आणि बायकोमुलांसह दिघाशीला सासुरवाडीच्या आसऱ्यानं जाऊन राहिला. बोलणं बंद. मी एकदा धीर करून विचारलं, तर दादा आभाळाकडे बोट करून म्हणाले, "देवयानी म्हनून आपल्या शेजारची आकाशगंगा हाय. ती न आपली एकमेकींकडं येतान. आधी आरपार जातील, लांब जातील. मंग खेच त्यांना परत आनील. दर टायमाला थोड्या कमी लांब. शेवटाला दोघींची एकच."

मुलगी सुगंधाचं लग्न ठरलं तेव्हा दादांनी गोरखला माणूस पाठवून आमंत्रण दिलं. स्वतः गेले नाहीत. हळदीच्या दिवशी दुपारपासून ते मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले. पाहुण्यांना वाटलं, स्वागताला बसलेत.

दिवेलागणीला गोरख आला. गाडी रस्त्यावरच लावली, पुतणीच्या गालाला हळद लावली, तिच्या डोक्यावर हात ठेवून क्षणभर उभा राहिला. दादा खुर्चीतून अर्धे उठले होते. गोरख त्यांच्या पुढ्यातून मान खाली घालून गेला आणि गाडीला किक मारली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

मला दादांकडे बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्यांचंच शास्त्र त्यांना ऐकवलं. "दादा, पहिल्या खेपेला आरपारच जातात ना? वळतील परत."

"आकाशगंगांपाशी अब्जानं वरसा हान, भाऊ," दादा म्हणाले. "माजी साठी उलटली."

त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. मग म्हणाले, "आनि खेच काय एकाच बाजूची नसते. मीच खुर्ची धरून बसलोय. चल, गाडी काढ."

मांडवात पंगत बसायची होती, डीजे लागला होता, वहिनी हाका मारत होत्या. मुलीचा बाप माझ्या मागे स्कूटरवर बसून दिघाशीला निघाला.

गोरख ओटीवर एकटाच बसला होता. आम्हाला बघून उभा राहिला. दादांनी चपला काढल्या, त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसले.

"सकालपासून पोटात काय न्हाय माज्या," ते म्हणाले. "काय असंल ते वाढ."

गोरख आत गेला. घरात भाकरी आणि सुकट होती. त्यानं एकच ताट वाढून आणलं, दोघांच्या मधे ठेवलं, आणि पहिला घास दादांच्या आधी स्वतःच घेतला, लहानपणी घेत असणार तसा.