नांदूरघाटातली भरती

कार्तिक वद्य द्वादशी, सकाळचे पावणेनऊ. आमच्या ओट्यावर अठरा हजार रुपये जमा झाले, माणशी साडेचार हजार. हजर: मी, माझी पत्नी सुमन, तिचा भाऊ भगवानराव, त्याची पत्नी कांता आणि शेजारचे सोपानआबा. या रकमेत आबांचा एक पैसा नव्हता, कारण ते येणार नव्हते. तरी ते आल्याशिवाय बैठक सुरू होणार नव्हती. आमच्या नांदूरघाटात, आणि आता आसपासच्या पाच-दहा गावांतही, कोणाला रत्नागिरीकडे समुद्र बघायला जायचं असलं, तर कुठल्या किनाऱ्यावर आणि कोणत्या तिथीला जायचं हे सोपानआबा ठरवून देतात.

नऊ वाजून दहा मिनिटांनी आबा बोलता बोलता उठले. शेजारच्या आपल्या अंगणात गेले, तिथली बाज उचलून ओट्यावर ठेवली, खालच्या वहाणा वर घेतल्या आणि परत येऊन आमच्यात बसले. मी वहीत वेळ लिहिली. भगवानराव चौसाळ्याचा, दुकानदार, त्याला हे नवीन.

"आबा, बाजंला ऊन लागत होतं का?" त्यानं विचारलं.

"न्हाई. पानी आलं," असं म्हणून आबांनी चहाची बशी तोंडाला लावली.

अंगणात धूळ होती. नळाला पाणी सोडायचा दिवस परवाचा होता.

मी बावीस वर्षं पावसाची नोंद ठेवली. रोज सकाळी आठला मापकातलं पाणी मोजायचं आणि वहीत लिहायचं. बहुतेक दिवशी शून्य लिहायचं. त्यामुळे आबा मला पाऊससाहेब म्हणतात. अकरा वर्षांपूर्वी मी त्यांच्या शेजारी घर घेतलं, तेव्हा पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं की या माणसाची बाज दिवसातून दोनदा अंगणातून ओट्यावर जाते आणि दोनदा खाली येते. उन्हामुळे असेल म्हणावं तर अंधारातही जाते. बाजेच्या पायाला एक जुनी पितळी घंटा बांधलेली आहे, मेंढ्यांच्या म्होरक्याच्या गळ्यात असते तशी. ती वाजली की मला घरात बसून कळायचं. मी एक महिना वेळा टिपल्या. अठ्ठावन्न नोंदी झाल्या. वेळ रोज सरासरी पन्नास मिनिटं पुढं सरकत होती.

हा हिशेब मला दोन वर्षं सुटला नाही. मग एकदा भाचीचं भूगोलाचं पुस्तक चाळताना सुटला. मोबाइलवर रत्नागिरीच्या भरतीच्या वेळा काढल्या आणि वहीशेजारी ठेवल्या. चार मिनिटांचा फरक पडत होता. मोबाइल चुकत असेल, असं सुमनचं मत पडलं.

इथून समुद्र चारशे किलोमीटरच्या वर आहे. गेल्या कित्येक वर्षांत आबा केजच्या पुढं गेल्याचं कोणी पाहिलेलं नाही. पूर्वी ते मेंढरं राखायचे, कळप घेऊन लांब फिरायचे, एवढं गाव सांगतं. बायको, येसाबाई, बाहेरगावी तापानं गेली, मग त्यांनी मेंढरं विकली. आता सत्तरी झाली आहे. खांद्यावर घोंगडी असते, मागं-पुढं कोणी नाही.

बाजेची सवय माणसाची असती तर मी वहीत लिहून विसरलो असतो. पण आबांच्या कोंबड्याही त्या वेळेला ओट्यावर चढतात. बाज हलायच्या आधी चढतात. समोरच्या घरची शेळी एरवी त्या अंगणात दिवसभर रेंगाळते, भरतीला मात्र रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहते. जनावरांना सवय लागते, असं मी सुमनला समजावलं. तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती आबांच्या अंगणात कुरडया वाळत घालायला निघाली आणि परत आली. "चार वाजून गेल्यावर घालते," म्हणाली. ती कशाची वाट बघत होती ते तिनं सांगितलं नाही. मी वहीत बघितलं. ओहोटी चारच्या सुमारास लागणार होती.

आता किनारा ठरवायची पद्धत सांगतो. आबा पहिल्यांदा विचारतात, माणसं किती. दुसरा प्रश्न, त्यातली पळू न शकणारी किती. मग बोटांवर तिथी मोजतात. पुनव आणि अवस बाद. अष्टमी उत्तम, "त्या दिशी पानी आळशी आसतं." त्यानंतर एकेक किनारा ते असा सांगतात, जसा मेंढका उतरायची जागा सांगतो.

"मांडवी गावाच्या दाराशी हाय. काळी वाळू. उभ्यानं बगायचं, भेळ खायची, माघारी फिरायचं. आरे-वारे डोळ्याचं हाय, पायाचं न्हाई. वरच्या रस्त्यानं बगा, लई देखनं. गनपतीपुळ्याला देवाला जा, घोट्याइतकं भिजा. तितं पायाखालची जमीन निसटती. भाट्याला सुरूची सावली हाय, म्हातारं मानूस आसंल तर तितं बसवा."

"बसवा" हा त्यांचा शब्द. एकदा दिंद्रुडच्या एका मास्तरांनी, पोहायला कुठलं चांगलं, असं विचारलं. आबा म्हणाले, "पवायला तुमची हीर काय वाईट हाय?"

परत आल्यावर आबांकडे जायचं, ही अट. ते प्रसादाला हात लावत नाहीत. दोनच प्रश्न विचारतात, "किती गेलते? किती आले?" आकडा जुळला की फोटो मागतात. पूर्वी लोक छापलेले फोटो आणायचे, आता मोबाइल. लोक हौसेनं दाखवतात, ही आमची मंगल, हे जावई. आबा मंगलला बघत नाहीत, जावयाला बघत नाहीत. "मागलं दाव," म्हणतात. दोन बोटांनी फोटो मोठा करून त्या लोकांच्या मागची रिकामी वाळू कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघतात. एका फोटोवर पाव तास लागतो. मग मोबाइल परत देतात आणि म्हणतात, "बरं."

गावात यावर थट्टा चालायची. आबांनी वाळूत सोनं पुरलंय, असं पोरं म्हणायची. मीही हसायचो. एकदा मात्र पूर्ण बघून झालेला फोटो त्यांनी माझ्यासमोर पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून बघायला घेतला. त्यानंतर मी हसलो नाही.

तर त्या द्वादशीला आबांनी आम्हाला मार्गशीर्षातली शुद्ध अष्टमी दिली आणि किनारा दिला तो पार दक्षिणेचा, पूर्णगडाच्याही पलीकडचा. भगवानराव कुरकुरला. "दाजी, रत्नागिरी सोडून एवढं लांब कावून? डिझेलचा इचार करा की."

ते मलाही पटलं. म्हणून मी आतून वही आणली. आबांनी कोणाला कुठं पाठवलं ते मी अकरा वर्षं लिहीत आलो होतो. त्याआधीचं लोकांना विचारून भरलं होतं. एकूण एकतीस कुटुंबं. नकाशा ओट्यावर पसरला आणि प्रत्येक कुटुंबासाठी पेन्सिलीनं टिंब दिलं, शेजारी कितवं ते लिहिलं. हेतू एवढाच, की जवळचं काही सुचतंय का बघावं.

पहिली टिंबं एका ठिकाणाच्या दोन्ही अंगांना पडली, अगदी लगत. पुढची त्याच्या थोडी पलीकडे, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. मग अजून पलीकडे. एकतिसावं टिंब मालगुंडला पडलं. आमचं बत्तिसावं, म्हणून दुसऱ्या टोकाला. मधोमध एक खाडीचं तोंड होतं, रत्नागिरीपासून फार लांब नाही. तिथं आजवर कोणालाही पाठवलेलं नव्हतं. गाव लहान आहे, नाव लिहीत नाही.

मी त्या जागेवर बोट ठेवलं. "आबा, इथं कोणीच कसं गेलं नाही?"

आबा नकाशाकडे बघत राहिले. भगवानराव काहीतरी बोलणार होता, कांतानं त्याच्या हाताला हात लावला.

"पाऊससाहेब, तुमचं मेंढरू हरवलं तर काय करताल?"

"माझ्याकडे मेंढरं नाहीत."

"मनून तर इचारलं."

मग त्यांनी रीत सांगितली. जनावर शेवटचं जिथं दिसलं तिथं एकानं उभं राहायचं आणि हलायचं नाही, कारण चुकलेलं जनावर फिरून तिथंच येतं. बाकीच्यांनी त्या जागेभोवती वेढे घ्यायचे, आधी जवळचे, मग लांबचे. कुणाला सापडलं असेल तर त्यानं ते सांभाळलेलं असतं. त्याला राखणावळ द्यायची आणि जनावर घेऊन यायचं.

"मग तिथं कोण उभं आहे?" मी विचारलं.

"कोन न्हाई. मी पळून आलो."

पुढचं त्यांनी नकाशावरून नजर न उचलता सांगितलं. एकोणीस वर्षांपूर्वी ते आणि येसाबाई चौसष्ट मेंढरं घेऊन कोकणात उतरले होते. पुनवेच्या पहाटे खाडीच्या तोंडाशी पोचले. समोर वाळूचा मोठा पट्टा होता, कोरडा, स्वच्छ. काटा नाही, कुत्रं नाही, भांडायला शेतकरी नाही. कळप बसवायला इतकी चांगली जागा जन्मात पाहिली नव्हती. पाणी लांब होतं.

"पानी गेलतं, पाऊससाहेब. आपल्याकडं गेलेलं पानी कदी माघारी आलंय का, सांगा."

बावीस वर्षांच्या नोंदी माझ्याजवळ होत्या. त्यांत माघारी आलेलं पाणी एकदाही नव्हतं.

त्यांनी कळप बसवला, येसाबाईला राखायला ठेवलं आणि गावात पीठ आणायला गेले. गिरणीवर वीज नव्हती, थांबावं लागलं. दुपारी आले तर वाळू नव्हती. काठावर मेंढरं भिजून उभी होती, म्होरक्या त्यात होता. मोजली, एक्केचाळीस. तिथल्या लोकांनी तीन दिवस होड्या घालून येसाबाईला शोधलं. चौथ्या दिवशी आबा निघाले.

"ताप आला मनून सांगितलं गावात. मेंढक्यानं पान्यात कळप बसवला, हे कोनत्या तोंडानं सांगावं?" मग ते म्हणाले, "पन पानी माघारी येतं मनल्यावर ती बी कुटंतरी लागलीच आसंल. कुनीतरी सांभाळली आसंल."

सुमननं सगळ्यांच्या बशा गोळा केल्या आणि उठता उठता म्हणाली, "आबा, जीपमध्ये तीन जागा रिकाम्या हायत. आणि त्या जागेवर उभं राहायला मानूस न्हाई."

आबा घरी गेले. पुढचे नऊ दिवस बाज वर-खाली होत राहिली, पण ते आमच्याकडे आले नाहीत. निघायच्या पहाटे जीपपाशी मात्र उभे होते. खांद्यावर घोंगडी, हातात बाजेची घंटा आणि पायाशी बाजरीचं पोतं, वर पायलीचं माप बांधलेलं.

"दाजी, तिकडं भाकरी मिळत न्हाई का?" भगवानरावानं माझ्या कानात विचारलं. मी पोतं टपावर चढवायला लावलं.

वाटेत एक मुक्काम करून अष्टमीला दुपारी बारा वाजता आम्ही खाडीच्या तोंडाशी होतो. पूर्ण ओहोटी. वाळूचा पट्टा समोर होता, तसाच, कोरडा आणि स्वच्छ. मला मेंढरांतलं काही कळत नाही. तरी मला वाटलं, बसवायला जागा चांगली आहे. त्या वाटण्याची मला भीती वाटली.

आबांनी आम्हाला सुरूच्या झाडांपुढं येऊ दिलं नाही. स्वतः काठाशी जाऊन उभे राहिले. साडेपाच तास हलले नाहीत. मी समुद्राकडे बघत होतो आणि समुद्र होता तिथंच होता. पाणी मागून आलं, खाडीच्या अंगानं, आवाज न करता. तीन पन्नासला पट्टा काठापासून तुटला. पाचला निम्मा उरला. साडेपाचला आबांच्या घोट्याशी पाणी होतं. एकोणीस वर्षं चारशे किलोमीटरवरून भरती चुकवणारा माणूस तिथं पाण्यात उभा होता. त्यांनी घंटा वाजवली आणि कळपाला घालतात तशी लांब हाळी घातली.

पाच चाळीसला आमच्या मागून, सुरूच्या बनातून, घंटा वाजली. एकदाच. कांतानं सुमनचा हात धरला. भगवानराव म्हणाला, गाय असेल. मी बनात जाऊन पाहिलं. गाय नव्हती, शेणही नव्हतं. मी वेळ लिहिली, पुढं काही लिहिलं नाही.

आबा पाण्यातून वर आले. आज विचारायचं काम माझं होतं.

"किती गेलते, आबा?"

"पाच."

"किती आले?"

त्यांनी मेंढरं मोजतात तसं बोट हलवत मोजलं. मी, सुमन, भगवानराव, कांता. कांताच्या पलीकडे बोट क्षणभर थांबलं. तिथं ओली वाळू होती.

"समदे आले," आबा म्हणाले.

परतीच्या वाटेवर त्यांनी आपल्या शेजारच्या रिकाम्या जागेवर घोंगडी अंथरली. भगवानराव तिथं पिशव्या ठेवायला गेला आणि काय वाटलं कोण जाणे, पिशव्या मांडीवर घेऊन बसला. आता बाज अंगणातच असते. कोंबड्या अजून वेळेवर ओट्यावर चढतात. त्यांना सवय सुटायला वेळ लागेल, असं मी सुमनला सांगितलं आहे.

अठरा हजारांतून सहलीचा खर्च भागला, त्याचा हिशेब चौघांना दिला. निघण्यापूर्वी किनाऱ्यावर दिलं ते वेगळं: बाजरी, एकोणीस पायल्या, वर्षाला एक, राखणावळ. घेणार समुद्र. माप आबांनी स्वतः शीग लावून घातलं, मोजणी मी केली. पहिल्या पायलीला आबा रीतीप्रमाणं "एक" न म्हणता "लाभ" म्हणाले. शेवटची त्यांनी हळू ओतली आणि रिकाम्या पायलीनं थोडं पाणी उचलून डोळ्यांना लावलं.