तांडेलांचा ऑटोपायलट रुसला, त्याची हकिकत

हसुराम तांडेलांच्या बोटीला बसवलेला ऑटोपायलट पहिल्याच दिवशी रुसून बोटीवरून उतरला आणि माझ्या ओट्यावर येऊन बसला. डिझेलचं मीटरही सोबत आलं, कारण दोघांची वायर एकच. मी ऑटोपायलटला चहा विचारला. नको म्हणाला. मीटरला विचारलं तर म्हणालं, "अर्धी टाकी."

शेजारी म्हटल्यावर विचारपूस आलीच. "काय झालं रे बाबा?"

"काकी, मी काही वावगं बोललो का? सुकाणू हाती घेतलं आणि विचारलं, कुठे जायचं? एवढ्यावर तांडेल अंगावर धावून आले."

त्याचं सगळं बालपण कंपनीत गेलेलं, त्याला काय कळणार! दर्यावर निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारायचं नसतं. कुणी टोकलंच तर घरी परत यायचं, टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग निघायचं. हसुरामभावजी सकाळपासून तेच करत होते. पण बटण दाबलं की हा पुन्हा विचारायचा. जेवणवेळेपर्यंत भावजींनी अख्खा हंडा संपवला होता.

पलीकडून ते ओरडलेच, "मासळीची जागा मी सख्ख्या भावाला सांगत नाय, या डब्याला सांगू?"

"नका सांगू," त्यांची बायको मंजुळा सुकट निवडता निवडता म्हणाली. "खांदा गेलाय तुमचा, सुकाणू धरवत नाय. बोट घ्यायला तो व्यापारी धक्क्यावर येऊन बसलाय. ओहोटीच्या आत बोट हलली नाय तर विकीन, असा शब्द तुमीच दिलाय."

भावजींनी ताट ओढलं. जेवले आणि आडवे झाले.

भावजी झोपेत बोलतात, हे मंजुळाला ठाऊक आणि मला. माझी खिडकी त्यांच्या खाटेसमोरच येते, त्याला माझा इलाज नाही. मी ऑटोपायलटला हळूच खिडकीशी बसवलं. जरा वेळाने घोरणं थांबलं आणि भावजी पुटपुटले, "मोठ्या खडकाच्या पाठी... सुरमई..."

ऑटोपायलटने मान डोलावली. मीटर म्हणालं, "पुरेल."

दोघं मुकाट्याने बोटीवर गेले. भावजींना उठवलं. बटण दाबलं. कोणी काही विचारलं नाही. बोट धक्क्यापासून सुटली तशी माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. पण जिभेला जन्माची सवय. मी ओरडले, "कुठे निघालात हो?"

बोट थांबली. ऑटोपायलट उतरला आणि पाण्यातून चालत येऊन माझ्या ओट्यावर टेकला.

"टोकलंत ना काकी?"

मी मान खाली घालून पाणी आणलं. तो घोटभर प्याला. मीटर म्हणालं, "अर्धी टाकी आणि एक घोट." ओहोटी लागत होती. दोघं पळतच गेले, मागोमाग मीही धक्क्यावर.

बोट पुन्हा सुटली. धक्क्यावरचा व्यापारी ताडकन उभा राहिला. "अहो, ही बोट कु..."

मी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

बोट परत येईपर्यंत हात काढायचा नाही, असं मंजुळाने बजावलंय. व्यापारी माणूस तसा समजूतदार आहे. चहा मंजुळा त्याला बशीने, माझ्या बोटांच्या फटीतून पाजते. हे सगळं मी डाव्या हाताने लिहिलंय, तेव्हा अक्षर सांभाळून घ्या.