पाळक लाहनूजींची बायको

आमच्या ख्रिस्ती मंडळीत माणूस मेल्यावर त्याच्या मृत्युवार्तेत जितक्या ओळी छापून येतात, तितकी मिनिटं तो पुढे घरी येऊ शकतो. वर्षातून एका घराला एक माणूस मिळतो. अर्ज मंडळीच्या कार्यालयात करायचा. आलेला माणूस वार्तेत छापलंय तेवढंच करतो आणि तेवढंच बोलतो.

आमचे खापरपणजोबा पाळक लाहनूजी वाघचौरे १८९१ साली वारले. मिशनच्या साप्ताहिकाने त्यांच्यावर बेचाळीस ओळी छापल्या. आसपासच्या कुठल्याच मंडळीत एवढ्या ओळी कुणाच्या नाहीत, म्हणून दरवर्षी हंगामाची उपासना झाली की थोरले काका त्यांनाच बोलावतात. ते येतात, खुर्चीत बसतात आणि सांगतात, "ते फार नम्र होते. त्यांनी सोळा गावांत शाळा काढल्या. त्यांनी कधी आवाज चढवला नाही." आत्या दरवर्षी समोर चहा ठेवते. तो दरवर्षी तसाच राहतो, कारण वार्तेत चहा नाही. एकेचाळिसाव्या मिनिटाला त्यांना देवदूत दिसतात. ते हात वर करतात, आम्ही सगळे उभे राहतो. मग काका माझ्याकडे बघतात.

माझ्याकडे बघायचं कारण, मी नर्सिंगचं कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडलं. आपल्या घरात कुणी काही अर्धवट सोडत नाही, असं काका म्हणतात. काका निवृत्त हेडमास्तर आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडिलांपैकी एक. आत्या निवृत्त मेट्रन. बाबा दोघांनाही भितात. मी कॉलेज सोडलं हे तिघांनी मिळून सगळ्या नातेवाइकांना कळवलं. का सोडलं हे तिघांतल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

रिकामी होते म्हणून कार्यालयात जाऊन साप्ताहिकाचे जुने अंक चाळायला लागले. १८७९ च्या एका अंकात, पानाच्या खालच्या कोपऱ्यात हे सापडलं:

"पाळक लाहनूजी वाघचौरे यांची बायको तापानें प्रभूमध्यें निजली. मागें तीन लेकरें आहेत. शेवटपर्यंत गात होती."

अडीच ओळी. नाव नाही.

घरी विचारलं. "खापरपणजी," आत्या म्हणाली.

"नाव काय तिचं?"

"खापरपणजीच म्हणायचे सगळे. नावाचं काय लोणचं घालायचंय?"

त्या वर्षी लाहनूजी आले तेव्हा त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "ते फार नम्र होते."

त्यानंतर मला चैन पडेना. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना तिला हाक मारावीशी वाटायची. तोंड उघडायचं आणि काय म्हणायचं तेच नसायचं. बाकी मला तिच्याकडून काही नको होतं. फक्त हाक कशी मारायची ते हवं होतं.

एकविसावं पूर्ण झालं की मंडळीच्या प्रत्येक सभासदाला स्वतःचा एक अर्ज मिळतो. माझा आला तेव्हा काका म्हणाले, "लाहनूजींना बोलाव. समोर उभी राहा त्यांच्या. जरा लाज वाटेल."

कार्यालयात भिंगारदिवे भाऊसाहेब असतात. त्यांनी माझा अर्ज उलटसुलट करून पाहिला.

"रिबेका, मयताचं नाव कोरं सोडलंयस."

"छापलेलं नाही."

"मग कुणाला बोलावायचं?"

"पाळक लाहनूजींची बायको असं लिहा."

"अडीच ओळीच आहेत गं."

"माहितीय."

ती शनिवारी दुपारी आली. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. पहिलं मिनिट ती दारातच उभी राहिली, कारण पहिली ओळ कुणाची बायको आणि ताप एवढीच आहे. मी तिचा हात धरला. तो चटका बसावा इतका तापला होता. दुसऱ्या मिनिटाला तिने तीन लेकरं शोधली. खोलीत काका, आत्या आणि बाबा होते. तिने तिघांच्या डोक्यावरून हात फिरवला. अडुसष्ट वर्षांचे काका मान खाली घालून बसून राहिले.

उरलेलं अर्धं मिनिट ती गायली. काकांनी गीतांचं पुस्तक उघडून ठेवलं होतं. ते भराभरा पानं उलटत होते, पण त्यांना गाणं सापडेना. ते स्तोत्र नव्हतंच, अंगाई होती. तिच्या आईने तिला म्हटलेली असणार.

"बाभळ फुलली बांधावरती, निज गं माझी..."

इथे वेळ संपली आणि ती खोलीत नव्हती.

मी कार्यालयात पळत गेले. भाऊसाहेबांनी नियम सांगितला. नातेवाइकाने स्वतःच्या किंवा ताब्यातल्या ओळी दिल्या तर मयत तेवढ्यापुरतं पुन्हा येतं. लाहनूजींच्या ओळी काकांच्या ताब्यात आहेत.

"चार द्या," मी काकांना म्हणाले.

"कुठल्या देऊ? देवदूत काढू?"

"नम्र होते ती काढा. कुणाला कळणार नाही."

"जीभ बघा हिची! एवढा पुळका आहे तर स्वतःच्या दे की. नाहीतरी तुझ्यावर काय छापणार? कॉलेज सोडलं म्हणून?"

हे मला सुचलं नव्हतं. काकांनी आयुष्यात मला उपयोगी अशी एवढी एकच गोष्ट सांगितली.

हल्ली बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकासाठी चार ओळी राखून ठेवलेल्या असतात. भाऊसाहेबांनी माझं कार्ड काढलं आणि चष्मा पुसत बसले.

"दिल्यास की तू कधीच येणार नाहीस. कुणी कितीही बोलावलं तरी."

"कोण बोलावणार आहे?"

"आज कोणी नाही. शंभर वर्षांनी असेल एखादी."

मी सही केली.

"शिवाय तुझ्या ओळी कोऱ्या आहेत," ते म्हणाले. "त्यात ती काय करेल ते आम्ही सांगू शकत नाही."

"कोऱ्याच द्या."

पुढच्या शनिवारी ती पुन्हा आली. या वेळी दारात थांबली नाही, सरळ आत येऊन जमिनीवर बसली. तिचा हात धरून पाहिला, गार होता. माझ्या ओळींत ताप नाही. खोलीत आत्या आणि बाबा होते. काका आतल्या खोलीत होते, दार मात्र उघडं होतं.

तिने अंगाई पहिल्यापासून म्हटली. बाभळ झाली, बांध झाला.

"निज गं माझी हौसा."

पुढेही दोन कडवी होती. ती मी ऐकली नाहीत. गाणं संपल्यावर म्हणाले, "हौसा."

"अगं, नावाने काय हाक मारतेस!" आतून काका ओरडले. "खापरपणजी आहे ती!"

"मग तुम्ही मारा."

मी पुन्हा हाक मारली, "हौसा."

"ओ," ती म्हणाली.

मी दोनदा-तीनदा उगाचच मारली. ती प्रत्येक वेळी ओ देत होती. शेवटी हसायला लागली आणि म्हणाली, "अगं काय ते बोल की."

"चहा घेतेस?" मी विचारलं.

आत्या उठली आणि तिने सकाळचाच चहा गरम करून आणला. हौसाने बशीत ओतला, फुंकर मारली आणि प्यायली. दुसरी बशी ओतायच्या आत वेळ संपली.

कपात अर्धा चहा राहिला होता. आत्या कप उचलायला वाकली, तेव्हा मी तो ओढून घेतला आणि प्यायले. साखर थोडी कमी होती.