पत्रिका तयार ठेवा

"कॉलेज आपण आपल्या डोळ्यांनी बघूनच ठरवायचं," असं मी एकदा जेवताना बोलून गेलो आणि भाकरी मोडली. त्या एका वाक्यातून पुढं एवढं रामायण घडणार हे ठाऊक असतं, तर मी नुसती भाकरीच मोडली असती.

झालं असं की, आमची क्रांती बारावीला झकास मार्कांनी पास झाली. (मार्क बघून बायको म्हणाली, "माझ्यावर गेलीय." मी वाद घातला नाही. माझं प्रगतिपुस्तक तिनं बघितलंय.) पोरीला कॉम्प्युटर इंजिनियर व्हायचं होतं, तेही चांगल्या कॉलेजातनंच. मग काय, जिल्ह्यातली झाडून सगळी कॉलेजं माझ्या मोबाइलवर व्हिडिओ पाठवायला लागली. हिरवंगार लॉन, त्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन खदाखदा हसणारी पोरं. मी पतसंस्थेत क्लार्क आहे, दिवसभर कॉम्प्युटरसमोरच बसतो. मला एकदाही हसू आलेलं नाही. तिथंच शंका आली.

"आण्णांना घेऊन जाऊ," बायको म्हणाली. "त्यांना पारख हाय."

आण्णा म्हणजे तिचे थोरले बंधू. मुक्काम आजरा. निम्म्या तालुक्याची लग्नं त्यांनी जमवलीत आणि उरलेल्या निम्म्यांची मोडलीत. रविवारी सकाळी ते जीप घेऊन दारात हजर. अंगात कोट, डोक्यावर टोपी.

"दाजी, चला. स्थळ चांगलं असलं तर जाग्यावर नारळ फोडू!"

पहिल्या कॉलेजच्या व्हिडिओत निळाशार स्विमिंग पूल होता. "कुठाय?" म्हणून विचारल्यावर तिथल्या क्लार्कनं इमारतीच्या मागं नेलं. नव्या बिल्डिंगसाठी खणलेला खड्डा, त्यात साठलेलं पाणी आणि पाण्यात निवांत डुंबणाऱ्या म्हशी.

"प्रस्तावित आहे," क्लार्क म्हणाला.

आण्णांनी बराच वेळ न्याहाळून बघितलं. "म्हशी चांगल्या हायत," ते म्हणाले. त्या कॉलेजबद्दल आम्हाला दुसरं चांगलं काही बोलता आलं नाही.

दुसऱ्या कॉलेजात लायब्ररीला कुलूप. ग्रंथपाल चावी खिशात घालून चंदगडला लग्नाला गेलेले.

"मग मुलांना पुस्तकं कशी देता हो?" बायकोनं शिपायाला विचारलं.

"मागत न्हाईत की!" तो अभिमानानं म्हणाला. "लई गुणी पोरं हायत वैनी."

तिसरं कॉलेज मात्र हायवेला लागून, सगळं काचेचं. (नाव सांगत नाही. पुढं का ते कळेल.) आत शिरताशिरता भला मोठा बोर्ड : 'शंभर टक्के प्लेसमेंट'. खाली टाय लावलेल्या पोरांचे फोटो. आम्हाला हिंडवायला एक तरुण प्राध्यापक आले, धैर्यशील सर. क्रांती एकदा बोर्डाकडं बघतेय, एकदा सरांकडं.

"सर, हा पहिला फोटो तुमचाच ना?"

सर ओशाळले. "हो. मी इथंच शिकलो."

"आणि प्लेसमेंट?"

"तीही इथंच झाली."

मग लॅब. एसी चालू, कॉम्प्युटर ओळीनं मांडलेले, वर प्लॅस्टिक तसंच. क्रांतीनं एकाचं बटण दाबलं, दुसऱ्याचं दाबलं, मग खाली वाकून बघितलं. "पप्पा, नुसते पडदे हायत. मशीन न्हाईच." पुढं तिनं त्या सरांवर प्रश्नांची अशी सरबत्ती केली की एसीत त्यांना घाम फुटला. मी उगीच मान हलवत होतो. (प्रश्न मला कळले नव्हते, पण बापानं मान हलवावी लागते.)

आणि नेमकी इथंच आण्णांची जुनी सवय जागी झाली. कोटाच्या खिशात हात घालून ते सरांना म्हणाले, "पावणं, गाव कंचं?"

"पेठ वडगावजवळ."

"घरात कोण कोण असतं? शेती हाय? घर सवताचं?"

बिचारे सर पोरासारखी उत्तरं देत सुटले. खूश होऊन आण्णांनी माझा नंबर त्यांना दिला. "वडलांस्नी फोन करायला सांगा. वळख ऱ्हाईल."

जीपमध्ये बसल्याबसल्या क्रांती म्हणाली, "पप्पा, ह्यातलं एकबी नको." तिचं तोंड एवढंसं झालं होतं. मलाही वाईट वाटलं. व्हिडिओतली पोरं कशाला हसत होती ते मात्र आता कळलं.

दोन-तीन दिवसांनी फोन आला. बायकोचा मिक्सर चालू, त्यात पलीकडचा आवाज खणखणीत.

"पावणं, परवा कॉलेजवर तुम्हीच आलता न्हवं?"

"व्हय, आम्हीच!"

"तिकडचंच बोलतोय. आमाला मुलगी पसंत हाय."

मी ताडकन उभा राहिलो. "पण तिचे मार्क अजून तुम्ही..."

"मार्क काय चाटायच्यात? पोरगी चुणचुणीत हाय, बास झालं."

मी आवाज खाली आणला. "आणि... द्यायचं-घ्यायचं?"

"छ्या छ्या! आमच्यात तसली पद्धतच न्हाय."

डोनेशन नाही! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "हॉस्टेलचं कसं करायचं?"

"हॉस्टेल कशाला? एवढा बंगला बांधलाय तो कुणासाठी? वरचा मजला मोकळाच हाय."

"आणि जेवण?"

"सुरवातीला आमची मंडळी करत्यात. मग हळूहळू तिनंच करायचं की सगळ्यांचं!"

(सगळ्यांचं? पण हल्ली नवीन शैक्षणिक धोरण आलंय, त्यात असेल, असं मी मनाशी म्हटलं.)

"बरं, किती वर्षं राहावं लागतं?"

पलीकडं हास्याचा गडगडाट. "पावणं, लई गमत्ये हाईसा! एकदा आली की कायमची!"

कायमची? मग मला बोर्डावरचा फोटो आठवला. ते पोरगंही शिकून तिथंच राहिलं होतं. म्हणजे प्लेसमेंटसुद्धा पक्की!

"मग हो समजू?"

"समजा!" मी ओरडलो.

"रविवारी येतो. पत्रिका तयार ठेवा."

मी त्याच दिवशी गुणपत्रिका लॅमिनेट करून आणली. येताना पेढेही आणले आणि गल्लीभर वाटले. क्रांतीनं पेढा हातात घेतला नाही.

"पप्पा, मला तिथं जायचं न्हाय. मार्क न बघता घेत्यात म्हंजे काय असंल ते कॉलेज?"

"अगं, डोनेशन न घेणारी माणसं भेटत्यात कुठं आता? आणि हे बघ, दुसरीकडं अर्ज भरत बसू नकोस. मी शब्द दिलाय."

पोरगी आत गेली, दार लावून रडली. मी दारापर्यंत जाऊन आलो, खोटं कशाला बोलू. पण फुकट ते फुकट, असं म्हणून मी दुसरा पेढा खाल्ला.

रविवारी दारात दोन गाड्या उभ्या राहिल्या. एका प्रवेशासाठी एवढा स्टाफ? उतरल्या त्या काठापदराच्या बायका, हातात ओटीचं सामान. मागनं धोतर नेसलेले अमरसिंह, म्हणजे फोनवरचा आवाज. आणि सगळ्यात शेवटी, नव्या शर्टात, मान खाली घालून त्यांचे चिरंजीव, धैर्यशील सर. आण्णा पुढं होऊन स्वागत करत होते. (त्यांना कुणी बोलावलं होतं कोण जाणे. लग्नाचा वास त्यांना आजऱ्यापर्यंत येतो.)

बसल्याबसल्या अमरसिंहांनी हात पुढं केला. "आणा पत्रिका."

मी लॅमिनेशन दिलं. त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, चष्मा लावला. "रास कुठाय ह्यात? बरं, गुण किती?"

"ब्याण्णव!" मी छाती काढून म्हणालो.

"छत्तीसातनं ब्याण्णव?"

"छे हो! शंभरातनं!"

बायकोनं पोह्यांचा ट्रे टेबलावर आदळला. मी जमिनीकडं बघत होतो, पण ती काही दुभंगली नाही. फरशी नवीन होती.

तेवढ्यात आतनं क्रांती आली आणि थेट सरांसमोर उभी राहिली. "सर, मी आत्ता बारावी झालीय."

सर खुर्चीवरनं उठलेच. "बारावी? मला वाटलं धाकट्या भावासाठी कॉलेज बघायला आलीस, तू एम.टेक. झालेली असशील! असले प्रश्न आमच्यात प्राचार्यांनापण येत न्हाईत! बाबा, चला. ही अजून बारकी पोर हाय."

"मग ह्यांनी शेती, घर कशाला विचारलं?" अमरसिंह आण्णांकडं बोट करून कडाडले. आण्णा टोपी झटकत होते.

"सर," क्रांती म्हणाली, "आलाच हाईसा तर खरं सांगा. तुमच्या कॉलेजला येऊ का?"

सरांनी दाराकडं बघितलं, जणू संस्थेचे चेअरमन तिथंच उभे होते. "अजिबात येऊ नकोस. सरकारी कॉलेजला भर. उद्या शेवटचा दिवस हाय." आणि ते तिथंच बसून तिला कॉलेजं सांगत राहिले, ती मोबाइलवर अर्ज भरत गेली. पाहुण्यांनी पोहे खाल्ले. जाताना अमरसिंह माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरगी सोनं हाय. तुमी तेवढं फोन उचलत जाऊ नगासा."

त्या दिवशी मी मनाशी गाठ बांधली. आता कुणी पोरीचं नाव काढू दे, असा तडकावतो की बास!

संधी लवकरच आली. आम्ही तिघं जेवत होतो. अनोळखी नंबर, बाईचा गोड आवाज. कुठनं बोलतेय ते तिनं सांगितलं, पण माझं लक्ष भाकरीत.

"क्रांतीचे वडील का? तुमच्या मुलीचं आमच्याकडं नक्की झालंय. उद्या घेऊन येताय ना तिला? नाहीतर आम्हाला दुसरी मुलगी बघावी लागेल."

"बघा की दुसरी!" मी भाकरीसकट हात उगारला. "आमची पोरगी शिकणार हाय! इंजिनियर हुणार हाय! परत फोन केलासा तर बघा!" आणि कट केला.

बायको माझ्याकडं लग्नानंतर पहिल्यांदाच कौतुकानं बघत होती. क्रांतीचे डोळे भरून आले. "पप्पा..." ती म्हणाली. "कुणाचं स्थळ होतं?"

"असंल कुणीतरी सरकारी. सुरवातीला म्हणाली बघ, शासकीय अभियांत्रिकी..."

भाकरी हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मायलेकी गेल्या. मला घरी थांबायला सांगितलं होतं. खिडकीतल्या बाईंनी नाव वाचलं आणि हसू आवरत म्हणाल्या, "वडिलांना सांग, शिकवायलाच बोलावत होतो." प्रवेश झाला. पालकांचा मोबाइल नंबर विचारल्यावर क्रांतीनं आईचा दिला.

माझाही फोन चालू आहे. त्यावर पहिल्या कॉलेजचे व्हिडिओ अजून येतात. स्विमिंग पूल झाला म्हणे. आण्णा म्हणतात, एकदा बघून येऊ, म्हशी विकायच्या असतील.