रेफरन्सची लग्नपत्रिका

"अकरा माणसं मारलीस तू, कार्तिक! एका दुपारी अकरा!"

ही माझी अक्का, सौम्या. आवाज असा की खालच्या रम्या आंटींनी मिक्सर बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.

"मी कुठं मारली? ती आधीच गेली असतील!"

"असतील? विचारलंस कुणाला?"

"एकसष्ट साली पेपर लिहिलेला माणूस आता काय करत असणार?"

"राजाजीनगरला राहतोय! रोज वॉकिंगला जातोय!"

अय्यो!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी सतरा वर्षांचा. शाळा सोडून दीड वर्ष झालं. का सोडली ते विचारू नका, मला राग येतो. बेंगळुरूच्या शिवाजीनगरला योगीराज अण्णांच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात कंप्युटरवर बसतो. आणि पत्रिका सेट करण्यात इथनं यशवंतपूरपर्यंत माझ्या तोडीचा कुणी नाही! चार भाषा, तीन रंग, मध्ये गणपती, वीस मिनिटांत तयार!

अक्का पीएचडी करते. बेंगळुरूच्या तळ्यांतल्या शेवाळावर. पाच वर्षं झाली, आमच्या फ्रिजमध्ये दह्याशेजारी शेवाळाच्या बाटल्या असतात. तिचा पेपर एका जर्नलनं दोनदा परत पाठवला. आतलं सगळं बरोबर, पण शेवटची यादी त्यांच्या पद्धतीत नाही, म्हणे. कुणाकुणाचं वाचून आपण लिहिलं, त्या लोकांची यादी. रेफरन्स म्हणतात. कॉमा कुठं, वर्ष कुठं, यावरून एवढी शिकलेली माणसं भांडतात! आता तिसरी आणि शेवटची संधी, गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत. पेपर गेला नाही तर थीसिस घेणार नाहीत. पाच वर्षांचं शेवाळ वाया!

गुरुवारी सकाळी तिचे आलेख बिघडले. ते लॅबमध्ये जाऊन परत काढायचे, आणि इकडं यादी तशीच. बसली डोकं धरून.

"अक्का, यादीच ना? नावं, वर्षं, गावं. मी दिवसभर दुसरं काय करतो? दे इकडं!"

तिनं दिली. जर्नलच्या नमुन्याचं पानपण दिलं. "हे बघून कर. जरा लक्ष देऊन."

"सरी, सरी, करतो!" म्हटलं, आणि दुकानात गेल्यावर पानाची घडी करून टेबलाच्या पायाखाली घातली. टेबल हलत होतं.

आता माझी बाजू ऐका. पत्रिकेतली नावं म्हणजे बाँब असतात. मागच्या वर्षी एका आजोबांच्या नावाआधी 'लेट' घालायचं मी विसरलो. वारलेले आजोबा सगळ्या नातेवाइकांना जेवायला बोलावतायत! वीस माणसं दुकानात आली, माझी कॉलर धरली. त्या दिवशी ठरवलं, शंका आली की 'लेट' घालायचं. या यादीत बघतो तर एकसष्ट, चौसष्ट, सदुसष्ट! सत्तरच्या आधीचे सगळे मी लेट केले. अकरा जण. पूर्ण आदरानं!

नावं एबीसीडीनं लावलेली. म्हणजे म्हातारी माणसं खाली आणि कालची पोरं वर? आमच्याकडं असं केलं तर मांडवात मारामारी होईल. मी सगळ्यात जुनं वर्ष वर घेतलं.

मग ठिकठिकाणी 'एट अल' दिसायला लागलं. अक्काला फोन लावला.

"एट अल म्हणजे काय?"

"आणि बाकीचे सगळे! कार्तिक, मी कामात आहे!" ठेवला फोन.

बाकीचे सगळे. आमच्या धंद्यात त्याला ठरलेला शब्द आहे. तेवीस ठिकाणी टाकलं, 'अँड फॅमिली'! प्रकाशकांची नावं उरली, ती खाली 'विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स फ्रॉम' लिहून दोन रांगांत बसवली. कोपऱ्यात वेलबुट्टी आली होती, ती मात्र काढली. तेवढी अक्कल आहे मला!

पावणेपाचला अक्का पळत दुकानात आली.

"झालं?"

"कधीच!"

"एकदा बघून घेते."

आणि इथं माझं डोकं फिरलं. "बघ ना! शाळेत बघायचे, अप्पा बघतात, योगीराज अण्णा दहादा बघतात. माझं एक काम न तपासता घेत नाही कुणी! आता तू पण बघ!"

अक्का थांबली. मग यादीचं पान न उघडता तिनं पेपर पाठवून दिला. वर कोपऱ्यावर नेऊन मला बदाम मिल्क पाजलं.

पेपरची एक कॉपी आपोआप तिच्या गाईडला जाते. अहल्या मॅडम. हे मॅडम लोक पेपर शेवटाकडून वाचतात, आपलं नाव आहे का बघायला. मॅडमनी शेवटचं पान उघडलं आणि पहिलंच नाव, 'लेट कृष्णमूर्ती'. मॅडमचे स्वतःचे गुरू! मॅडम रडायलाच लागल्या. सौम्यानं लिहिलंय म्हणजे खरंच असणार, ती पोरगी कधी चुकत नाही! डिपार्टमेंटच्या ग्रुपवर बातमी. पाच मिनिटांत पन्नास हात जोडलेले! पाऊण तासात गुरुराज म्हणून एक सर पुरुषभर उंच हार घेऊन राजाजीनगरला हजर.

दार कृष्णमूर्ती सरांनी उघडलं. हातात कॉफी.

"काय गुरुराज, प्रमोशन?"

गुरुराज सर पायरीवरच बसले.

"कोण आलंय हो?" आतनं त्यांच्या मिसेस, पद्मावती अम्मा.

"गुरुराज आलाय. हार आणलाय."

"कशाबद्दल?"

"तेच विचारतोय!"

मग अक्काला मॅडमचा फोन आला, आणि मला अक्काचं ते सुरुवातीचं ऐकावं लागलं. सकाळी जर्नलच्या संपादकांचा मेल. पहिली ओळ, 'मुहूर्त कधीचा आहे?' दुसरी, 'चौथी संधी आम्ही देत नाही.'

अक्का परत ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, फिट्टंफाट! ती मॅडमना फोनवर म्हणाली, "यादी मीच केली, मॅडम. चूक माझीच." माझं नाव घेतलंच नाही. मी दाराआड उभा. कानांतनं वाफ येतेय असं वाटत होतं.

तिच्या फोनमधनं कृष्णमूर्ती सरांचा नंबर काढला आणि गच्चीवर जाऊन लावला.

"सर, तुम्हाला मी मारलं."

"कोण बोलतंय?"

"कार्तिक. सौम्याचा भाऊ. लग्नपत्रिका करतो." सगळं सांगितलं. टेबलाचा पायसुद्धा.

सर मग म्हणाले, "ती अकरा नावं वाच बघू."

मी वाचली. एकेका नावानंतर ते "हं" म्हणायचे. स्वतःच्या नावालापण म्हणाले. शेवटी म्हणतात, "दहा बरोबर आहेत रे. मीच राहिलोय."

मी म्हटलं, "सॉरी सर." कशाबद्दल, ते मलाच कळेना. दहांबद्दल की एकाबद्दल?

"संपादक माझा विद्यार्थी आहे, सोमवारपर्यंत मुदत मागून घेतो. पण यादी तूच करायची. माझ्यासमोर, नमुना वाचून. आणि मी ओळन्‌ओळ तपासणार. राग येईल?"

"नाही सर."

येणार. मला माहितीय. पण गिळीन.

आज शनिवार. मुदत मिळाली, सरांकडं जायचंय. नमुन्याचं पान काढून आणलंय, तिकडं टेबल परत हलतंय. अक्का हेल्मेट घालून दारात उभी आहे. दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली, "चल." आई म्हणाली होती, मोठ्या माणसाकडं रिकाम्या हातानं जाऊ नको, म्हणून सकाळीच बाजारातनं घेऊन आलो. अक्का पिशवीकडं बघतेय.

"काय आहे त्यात?"

"हार."

हेल्मेटच्या आत ती काय बोलली ते ऐकू आलं नाही, बरं झालं. मला निघायला पाहिजे.